गुंडूच्या नावावर

काकती जवळ आली की बसमधल्या बायका पटापट खिडक्या ओढून घेतात. भाताच्या मळण्या चाललेल्या असतात, मशीनच्या तोंडातून भुसा उडत असतो आणि सगळ्या बसला एकदम शिंका सुरू होतात. मी माझी खिडकी उघडीच ठेवते. शेजारची डोळे वटारते. वटारू दे. निपाणी सोडल्यापासून तवंदीचा घाट, वाट अडवणारे उसाचे ट्रॅक्टर, कारखान्याच्या मळीचा वास, सगळं मी मुकाट सोसते. पण भाताच्या पिंजराचा, म्हणजे पेंढ्याचा, हा कोरडा, गोडसर वास आला की माझं गाडं अडतं. तो मला हवाही असतो आणि सोसवतही नाही. सुगी लागल्यापासून रोज हे असंच होतं.

माझी शाळा बेळगावात आणि राहणं निपाणीत. स्टाफरूममध्ये एकीला तरी रोज नवल वाटतं. "एवढी हाडं मोडून घेतीस, त्यापरास हितंच एक खोली बघ की गं." मी म्हणते, बघतेय. खोटं काही नाही त्यात, बघतेच आहे. घर बघणं हा आता माझा जोडधंदा झालाय.

गेल्या सुगीत आम्ही बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्यात होतो. आम्ही म्हणजे मी, आई आणि गुंडू. गुंडू म्हणजे आमचं कुत्रं, पण त्याला कुत्रं म्हटलेलं आईला खपायचं नाही. माझे वडील, आप्पा, चिकोडीला सरकारी कचेरीत शिपाई होते. कचेरीच्या पायरीखाली एक तांबूस पिल्लू कुंईकुंई करत होतं, ते त्यांनी जेवणाच्या पिशवीत घालून घरी आणलं. डबा हातात आणि पिल्लू पिशवीत. एक कान उभा, एक पडलेला. आमच्या भागात घरटी एखादा गुंडू असतोच, त्यामुळं आम्ही हाक मारली की गल्लीतली दोन माणसंही वळून बघायची. आप्पा त्याच्याशी कन्नडात बोलायचे, आई मराठीत. 'बा' म्हटलं तरी तो यायचा, 'ये' म्हटलं तरी यायचा. आप्पा गेले ते बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना. त्यानंतर गुंडू त्यांच्या चपलांवर मान टाकून पडायला लागला आणि आईनं त्या चपला कुणाला देऊ दिल्या नाहीत. आप्पांची सरकारी खोली सोडायची वेळ आली, तेव्हा मी आईला बेळगावला चल म्हटलं. ती म्हणाली, "ह्यो येनार असंल तर मी येनार. न्हायतर तुझ्या आप्पाला मी काय तोंड दावू?"

मेलेल्या माणसाला तोंड कसं दाखवायचं असतं, हे मी विचारलं नाही. मी विज्ञान शिकवते, पण आईला नाही.

आक्कांचं घर मिळालं तेव्हा मला वाटलं, सुटले. हिंडलग्यात त्यांचं स्वतःचं घर, मागं दारात भातशेती, मुलगा पुण्याला, आणि वरचा मजला भाड्यानं द्यायचा म्हणून नवा बांधलेला. आक्का साठीच्या, सडसडीत, बोलायला तिखट. गुंडूकडं बघून म्हणाल्या, "चावतंय काय ह्ये?" मी म्हटलं, "न्हाई." "मग पाळलंय कशाला?" आणि स्वतःच हसल्या. मग ठरलेला प्रश्न आलाच. "तुमी कोन म्हनायचं?" मी म्हटलं, "आम्ही बौद्ध." आक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "वरच्या मजल्याला जिना भायरनं हाय." मला वाटलं, विषय बदलला. आईला कळलं होतं. ती जिना चढताना प्रत्येक पायरीकडं बघत होती.

तरी त्या बाईला मी वाईट म्हणणार नाही. गाय व्याली की खरवस वर यायचा. नव्या भाताचे पोहे यायचे. सगळं जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवलेलं असायचं आणि खालून हाक यायची, "टीचर, ठेवलंय वो!" मग गुंडू आधी धावायचा.

कुत्रं पाळणं म्हणजे दोन भाकरी टाकणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भाड्याच्या घरात पाळून बघावं. घरमालक पायाचे ठसे मोजतो, शेजारीण भुंकणं मोजते. आम्ही दोघी मिळून एका लग्नाला गेलो नाही, एका मयताला गेलो नाही, एक जण कायम घरात. रिक्षावाला लांबून हात बघून थांबायचा आणि जवळ आला की गुंडूला बघून गिअर टाकायचा. बसमध्ये कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं, तेव्हा आईला कोण आनंद झाला! तिकीट तिनं पदराला बांधून ठेवलं. "बघ, सरकारनं जागा दिली बघ त्याला." मी म्हटलं, बसमध्ये दिली आई, घरात कुठं दिली? जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आम्ही म्हशींच्या मागं उभ्या राहायचो. गुंडूला सलाईन लावलेलं बघून एक शेतकरी हसत सुटला. "आमच्या म्हाताऱ्याला न्हाय लावलं वो कवा!" डॉक्टरही हसले. मीही हसले, काय करणार. माझ्या पगारातून आधी गुंडूची औषधं निघायची, मग आमचं घर चालायचं. आईच्या गुडघ्याचं औषध ती 'फुडच्या म्हयन्यात' म्हणायची, आणि तो फुडचा म्हयना काही यायचा नाही.

सुगी सुरू झाली आणि खालचं अंगण ताडपत्रीनं भरून गेलं. मशीननं मळलेलं भात त्यावर पसरायचं, उन्हं उतरली की ओढून रास करायची. रास म्हणजे आक्कांचा देव. तिच्याजवळ कुणी चप्पल घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. तिच्यावर शेणाचा गोळा, त्यात खोवलेलं फूल. पूजा होईपर्यंत एक मूठ भात कुणी घ्यायचं नाही की द्यायचं नाही. आम्ही वरच्या कठड्यावरून बघायचो. सोन्यासारखी म्हणतात तशी काही ती दिसत नव्हती, तपकिरीच होती. पण दिवसभर ऊन खाल्लेल्या त्या भाताची ऊब वरपर्यंत येते असं आई म्हणायची.

तो दिवस पूजेचा होता. सकाळी गारठा इतका की दात वाजत होते. दूधवाल्यानं जिन्याचं फाटक उघडं टाकलं, आणि आम्ही बघतो तर गुंडू राशीच्या माथ्यावर. शेणाचा गोळा एका अंगाला घसरलेला, आणि हा पोटात नाक खुपसून, गोल होऊन गाढ झोपलेला. उबेला गेला होता बिचारा. भाताचा एक दाणा त्याच्या मिशीला चिकटला होता.

मी घाबरून हाक मारणार, तेवढ्यात आई हसली. लहान पोरीसारखी खुदखुदून हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सुजाता, माझी आई खळ्याच्या कडंला उभी ऱ्हायाची गं, पदर पसरून. आत पाऊल टाकायचं न्हाय म्हनून. लांबनं सुपातनं टाकायची खळ्यावाली, पसा दोन पसं. आन् ह्यो बघ, ह्यो कुठं जाऊन झोपलाय!"

तिला एवढी हसलेली मी आप्पा गेल्यापासून बघितली नव्हती. आणि खाली पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या आक्कांनी नेमकं ते हसणंच ऐकलं.

आक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं, गुंडूला हुसकलं, वरचा थर सुपानं बाजूला काढला, गोमूत्र शिंपडलं आणि पूजा केली. मी दहा वेळा माफी मागितली. त्या हुं हुं करत राहिल्या. संध्याकाळी मधल्या पायरीवर आल्या. हातात काही नव्हतं.

"टीचर, सुगी झाली की दुसरीकडं बघा."

"कुत्र्यापायी, आक्का?"

"कुत्र्यापायीच की. दुसरं काय?"

त्यांच्या तोंडाकडं मी किती वेळ बघितलं. कुत्र्याचाच राग होता तो. खरंच कुत्र्याचाच असेल. पण माझ्यासारखीला हे नुसतं वाटून भागत नाही, खात्री लागते, आणि ती मिळण्याची कुठं सोय नाही.

मग पायाला भिंगरी. खडेबाजारात शिवाप्पाचं बांगड्यांचं दुकान आहे, बांगड्या भरता भरता तो घरं दाखवण्याचंही काम करतो. माणूस मनानं सरळ. त्यानं त्या सुगीत आम्हाला कितीतरी उंबरे दाखवले. एकीकडं म्हातारा गेटच्या आतूनच म्हणाला, "नायी ऐतेन री?" कुत्रं आहे म्हटल्यावर "ब्याड री, ब्याड," म्हणजे नको, नको, आणि गेट बंद. एकीकडं बाईनं चहा दिला, नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग तिला अचानक आठवलं की तिच्या नातवाला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे. नातू अमेरिकेत होता. एका ठिकाणी कुत्रं चाललं, घर आवडलं, बोलणी होत आली. मालक दुसऱ्या दिवशी शिवाप्पाला म्हणाला, कुत्र्याचं जमायचं न्हाय. आदल्या दिवशी त्यानंच गुंडूच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

मी घरी येऊन आदळआपट करायची. हा नकार कुणाला होता? त्याला की आपल्याला? प्रत्येक घराचा मी असा पंचनामा करत बसायची, उत्तरपत्रिका तपासावी तसा. आई गुंडूच्या कानामागच्या गोचिड्या काढत बसलेली असायची. पिंजरात लोळून त्याच्या अंगावर गोचिड्यांचं रान माजलं होतं. एक दिवस ती मान वर न करताच म्हणाली, "बरं हाय की. कुत्र्याचं नाव सांगत्यात. आमच्या येळंला आमचंच नाव सांगायची."

मी त्यावर चिडले. आता चिडत नाही.

गोचिड्यांचा ताप गुंडूला चढला तो उतरेना. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. गूळ लावून गोळी दिली तर गूळ चाटून गोळी थुंकायचा, तेवढी अक्कल शाबूत होती. मग गूळही नको झाला. जिना उतरायची ताकद राहिली नाही, तेव्हा मी त्याला पोत्यासारखं खांद्यावर घेऊन खाली न्यायची, आणि आक्कांच्या अंगणातून जाताना माझी नजर जमिनीवर असायची. शाळेत पोरांना रक्ताभिसरण शिकवताना मला फळ्यावर त्याच्या हिरड्या दिसायच्या. आई त्याच्याशी कन्नडात बोलायला लागली. आप्पा बोलायचे तसं, मोडकंतोडकं. "बा, गुंडू, बा." तो शेपूट एकदा हलवायचा, बास.

आणि त्यात चंपाषष्ठी आली. आक्कांचं कुळदैवत खंडोबा. सकाळपासून खाली वांगी भाजल्याचा वास, तळी उचलल्याचा गजर. मला त्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती, पण गुंडूपायी रजा टाकली होती. आणि जिन्यावर पावलं वाजली. मधल्या पायरीवर थांबली नाहीत. पार वर आली.

आक्का दारात उभ्या होत्या. नवं लुगडं, कपाळभर भंडारा, हातात पितळी ताट. ताटात बाजरीचा रोडगा, भरीत आणि पातीचा कांदा.

"टीचर, गुंडू हाय न्हवं? गल्लीतली कुत्री सगळी सुगीच्या मानसांमागनं रानात गेल्यात. सकाळधरनं हुडकालोय. आज कुत्र्याला घास घातल्याबगर आमाला तोंडात पानी घालता येत न्हाय."

आई उठून बाजूला झाली. मी म्हटलं, "आक्का, भरीत नको. कांदा त्याला विष आहे, डॉक्टरांनी सांगितलंय."

"देवाचं कुत्रं आनि त्याला पथ्य!" असं म्हणत म्हणत त्या आत आल्या. पहिल्यांदाच. आमची खोली, भिंतीवरची बुद्धाची तसबीर, आप्पांच्या चपला, सगळ्यावरून त्यांची नजर एकदा फिरली. मग त्या गुंडूपाशी खाली बसल्या. आईनं वाटीत दूध दिलं. आक्कांनी त्यात रोडगा कुस्करला, गुंडूच्या कपाळाला भंडारा लावला आणि बोटांवर घास घेऊन त्याच्या तोंडापुढं धरला.

चार दिवस ज्यानं पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं, तो हळूच मान वर करून आक्कांची बोटं चाटायला लागला. मग खाल्लं. थोडं खाल्लं, पण खाल्लं. आक्कांनी त्याच्यापुढं हात जोडले, डोळे मिटले, आणि त्यांच्या गालावरून पाणी आलं. माझ्याही. आई तर उघडच रडत होती. त्या घटकेला आम्ही तिघी एका घरातल्या बायकांसारख्या बसलो होतो, खोटं का बोलू.

त्याच भरात आई बोलून गेली. "आक्का, देव म्हनून हात जोडलासा त्याला. मग ऱ्हाऊ द्या की हितंच. आमी फाटक लावून घेतो. राशीच्या दिसांत बांधून घालतो."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. वाटी उचलून आईपुढं सरकवली. अगदी मऊ आवाजात, समजावल्यासारखं म्हणाल्या, "अवो, देवाचं येगळं. घराचं येगळं."

आणि उठल्या. जिना उतरून गेल्या. थोड्या वेळानं खालच्या नळाचं पाणी वाजलं. त्या पाय धूत होत्या. रानातून आलं तरी माणूस पाय धुतो, देवाला बसायच्या आधी धुतो, जेवायच्या आधीही धुतो. आक्कांना जेवायचंच होतं. मी आईकडं बघितलं नाही. तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. आम्ही दोघी गुंडूकडं बघत बसलो, कपाळावर भंडारा घेऊन तो झोपला होता.

सुगी संपली तसं आम्ही हिंडलगं सोडलं. निपाणी आईचं माहेर. लग्नाआधी ती जिथं तंबाखू चाळायला जायची, ती वखार आता बंद आहे, आणि तिच्या मागची एक खोली तिच्या जुन्या मैत्रिणीच्या ओळखीनं मिळाली. मालक लांब राहतो, त्याला कोण राहतंय याच्याशी देणंघेणं नाही. भिंतींत तंबाखू इतकी मुरलीय की पहिले काही दिवस गुंडू आणि मी आळीपाळीनं शिंकत होतो. आई नाही शिंकली. ती म्हणाली, "मला सवं हाय." ताप गेला, पण ताकद परत आली नाही. यंदाच्या आषाढात तो गेला. आप्पांच्या चपलांवर मान टाकून.

तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. भाड्याच्या घरात कुत्रं एक वेळ पाळता येतं, पुरता येत नाही. मालकानं फोनवर सांगितलं, परड्यात खड्डा काढायचा न्हाय. आपली म्हणून हातभर माती नाही, ही गोष्ट मला इतकी वर्षं नोकरी करून कधी टोचली नव्हती. ती त्या दिवशी, भिजलेल्या पोत्यात गुंडाळलेलं ते गार अंग मांडीवर घेऊन बसल्यावर टोचली. शेवटी आईच्या त्याच मैत्रिणीनं आपल्या बांधावर जागा दिली. पावसात खणायला मी होते आणि ती म्हातारी. आई छत्री धरून उभी होती, छत्री गुंडूवर धरलेली. परत येताना ती म्हणाली, "बांधावर का हुईना, रानात गेला."

आता पुन्हा सुगी आहे. परवा शाळेतून परतल्यावर चहा घेत होते आणि शिवाप्पाचा फोन आला. फोन मी नेहमीसारखा मोठ्या आवाजावर ठेवला होता, आईला ऐकू यावं म्हणून.

"टीचर, झकास घर हाय. तुमच्या शाळंपासनं चालत. मालक चांगला मानूस हाय, फकस्त इचार म्हनला, घरात कोन कोन हाय?"

गुंडू गेल्याचं मी शिवाप्पाला कळवलं नव्हतं. कळवायचं राहून गेलं होतं, इतकंच. आता एका शब्दाचं काम होतं. दोघीच आहोत म्हटलं की वाट मोकळी. बसचा धक्का नाही, पहाटेची धावपळ नाही, आईच्या छातीत जाणारी ही तंबाखू नाही. आणि मग मालक चहा देईल, नाव विचारील, गाव विचारील, आडनाव विचारील. मग तो जे काही बोलेल, ते आम्हालाच बोललेलं असेल. मध्ये कुणी नसेल.

"दोघी," मी म्हटलं. "आणि एक कुत्रं."

"अजून हाय व्हय ते?"

"आहे."

शिवाप्पानं सुस्कारा सोडला. "मग ब्याड म्हनतील वो, टीचर. बघतो इचारून." पाच मिनिटांत त्याचा फोन परत आला. मालक ब्याड म्हणाले होते.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, "कुत्र्यालाच न्हाय म्हनले न्हवं?"

"व्हय. कुत्र्यालाच."

"आनि काय इचारलं न्हाय?"

"न्हाय."

ती मान हलवत उठली. कोपऱ्यातलं गुंडूचं पोतं तिनं उचललं, दारात नेऊन झटकलं, आणि पुन्हा होतं तिथंच, आप्पांच्या चपलांशेजारी, नीट अंथरून ठेवलं.